मालक घाटाकडं गेल्यात

धोंडुबाईनं घर विकायला काढलंय ही बातमी रंकाळवेशीत फुटली, तेव्हा निम्म्या गल्लीनं ती हसण्यावारी नेली. उरलेल्या निम्म्या गल्लीनं शेजारच्या तानाबाईकडं चौकशी केली. तानाबाई म्हणाली, दारात चुन्याचं पोतं उतरलंय, म्हणजे खरंच असणार. ती बाई चुन्यावर उगीच पैका घालणारी नव्हे.

घर ते काय, दोन खणांचं. पुढं सोपा, मधे माजघर, मागं चूल आणि परडं, कडेला दोन बैलांचा गोठा. पण रस्त्यावरचं. रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडी, बालिंगं, कळं करत जो रस्ता गगनबावड्याला चढतो आणि घाटानं खाली कोकणात उतरतो, तो ह्या घराच्या उंबऱ्यापासून वीस पावलांवरनं जायचा. ज्ञानूनं जागा घेतली तीच मुळी त्यासाठी. ज्ञानू म्हणजे धोंडुबाईचा नवरा, गाडीवान माणूस. इथला गूळ भरून कोकणात न्यायचा आणि येताना नारळ, आमसुलं, सुकट घेऊन यायचा. भरली गाडी बोळात वळवायची म्हणजे बैलांच्या मानेला त्रास, म्हणून घर रस्त्याला. बायकोच्या मानेचा विचार कधी केला नाही ह्या माणसानं, असं धोंडुबाई तेव्हा फणकाऱ्यानं म्हणायची. पुढं तसं म्हणायची सोयच राहिली नाही.

चव्वेचाळीस साली दसरा झाल्यावर ज्ञानू वर्षातली पहिली खेप घेऊन निघाला. चौथ्या दिवशी निरोप आला, की गगनबावड्याच्या अलीकडं गाडी रस्त्याच्या कडेला उभी आहे, बैल जुंपलेले आहेत, गुळाच्या ढेपा जागच्या जागी आहेत, आणि माणूस तेवढा नाही. परतीचा पाऊस तिथं असा कोसळत होता की हातभर पुढचं दिसत नव्हतं. लोकांनी आठवडाभर दऱ्या धुंडाळल्या. ना माणूस, ना मढं, ना पायताण. कुणी म्हणालं पाय घसरला, कुणी म्हणालं वाघानं नेला. आणि कुणी तोंडाला पदर लावून असंही म्हणालं, की खाली खारेपाटणात त्याचं दुसरं बिऱ्हाड होतं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?

धोंडुबाईचं मात्र एकच म्हणणं. गाडीत सगळं सापडलं, कांबळं सापडलं नाही. मरायला निघालेला माणूस कांबळं घेऊन जातोय व्हय, असं ती विचारायची. लोक सांगायचे, अगं पाऊस होता, अंगावर असणार. ती म्हणायची, मग तेच म्हणते की मी, अंगावर हाय. आता ह्यावर काय डोंबल बोलणार? बोलणारे दमले आणि धोंडुबाईच्या कपाळावरचं कुंकू जिथल्या तिथं राहिलं.

तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि पोरगा कृष्णात बारा वर्षांचा. बैल विकले, गाडी विकली, आणि बाईनं मुसळ हातात घेतलं. पेठेतल्या घरांची वर्षाची चटणी ती कांडून द्यायची. मिरचीनं हातांची आग व्हायची, डोळ्यांतनं पाणी यायचं, आणि ते कशाचं पाणी आहे हे कुणी विचारत नव्हतं. सांजच्याला फुलेवाडीकडनं गाड्या यायला लागल्या की तिचं मुसळ थांबायचं. गाडी दारावरनं पुढं गेली की पुन्हा चालू. बारा वर्षं हे असं चाललं होतं, आणि तानाबाईला त्याची इतकी सवय झाली होती की मुसळ थांबलं की ती ओळखायची, गाडी आली.

माणूस हवा होता तिला, दुसरं काही नाही. चांगला होता असंही नाही. बैलांशी गोड बोलायचा आणि हिच्याशी वसकन. जेवताना कांदा फोडायचा तो अशा बुक्कीनं की ताट उडायचं. पण खेपेवरनं आला की सोप्यात पाय पसरून बसायचा आणि कोकणातल्या एकेका उताराची गोष्ट सांगायचा, आणि ती चुलीपाशी बसून, ऐकत नसल्यासारखं दाखवून, सगळी ऐकायची. ते ऐकत नसल्यासारखं दाखवणं आता तिला फार सलायचं. एकदा तरी समोर बसून ऐकायला हवं होतं, असं ती तानाबाईला म्हणाली होती.

आणखी एक. गाडीवानाच्या बायकोला कुणी विचारलं, मालक कुठं हाईत, तर नुसतं "गेल्यात" म्हणून सांगायचं नसतं. ते अपशकुनी. पुढचा शब्द जोडूनच बोलायचं. म्हणून परका माणूस दारात आला की धोंडुबाई म्हणायची, "मालक घाटाकडं गेल्यात. येतील." लग्न होऊन आल्यापासनं म्हणत आली होती, आणि ज्ञानू नाहीसा झाल्यावरही तेच म्हणत राहिली. जीभच तशी वळलेली.

आता घर विकायचं का निघालं, ते सांगतो. कृष्णात इचलकरंजीत कापडाच्या मागावर कामाला होता. चोवीस वर्षांचा झाला, लग्न झालं, सून तिकडंच. दुसऱ्याचा माग हाणून हाणून पोराची छाती आत गेली होती आणि त्याला स्वतःचे दोन माग घालायचे होते. त्यात मागच्या पावसाळ्यात धोंडुबाई तापानं फणफणली आणि दोन दिवस पडून राहिली. मुसळ वाजेना म्हणून तानाबाई बघायला आली, नाहीतर कुणाला कळलंही नसतं. कृष्णात आला, उशाशी बसला आणि म्हणाला, आता एकटीनं ऱ्हायचं न्हाय. तिनं पोराच्या हाडकुळ्या मनगटांकडं बघितलं आणि मान हलवली.

घर ज्ञानूच्या नावावर. वकील म्हणाला, सात वर्षं ठावठिकाणा नसला की कायदा माणसाला मेलेला धरतो. त्याप्रमाणं अर्ज केले, मायलेकांची नावं लागली. कागदावर "मयत ज्ञानू" असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली धोंडुबाईनं अंगठा उठवला. कागदाला काय कळतंय, असं म्हणून घरी आली, अंगठा घासून धुतला आणि आरशात बघून कुंकू नीट केलं. कायद्यातलं मरण वेगळं आणि कपाळावरचं वेगळं, असा तिनं आपला निकाल लावून टाकला.

मग घर दाखवण्याजोगं करायला घेतलं. बाळासो म्हणून एक दलाल होता, तोंडात सदा पान, त्यानं फर्मान काढलं, की पावणं भिंती बघत्यात बाई, माणसं न्हाई. धोंडुबाईनं शाकारणी करून घेतली, जमीन उकरून नवी चोपली, सारवली आणि चुना स्वतः दिला. सोप्यातल्या भिंतीवर एका जागी तेलाचा काळपट डाग होता. ज्ञानू तिथं डोकं टेकून बसायचा. सगळी भिंत पांढरीफटक झाली आणि तेवढा डाग तिनं कडेकडेनं ब्रश फिरवून ठेवला. बाळासो ओरडला, हे काय गबाळं काम. तेव्हा तिनं त्यावर एक हात दिला. वाळल्यावर डाग परत वर आला. दुसरा दिला, परत आला, फिकट. तिसऱ्या हाताला तो गेला. त्या दिवशी ती जेवली नाही.

गोठ्यातली गव्हाण काढून खोली करा, हेही बाळासो म्हणाला होता. तिथं मात्र ती ठाम नाही म्हणाली. बैल आले तर बांधायचे कुठं? बाळासोनं पान थुंकलं आणि विषय सोडून दिला.

दिवाळी झाली आणि गिऱ्हाईक यायला लागलं. पहिला आला तो गुळाचा व्यापारी. रस्त्यावरची जागा बघून हरखला, पावलं टाकून मोजमाप घेतलं आणि सहज विचारलं, मालक कुठं आहेत. धोंडुबाई म्हणाली, "मालक घाटाकडं गेल्यात. येतील." व्यापारी म्हणाला, मग येऊ द्या की, त्यांच्यासमोरच बसू. पंधरा दिवसांत तो दोनदा डोकावून गेला आणि तिसऱ्यांदा आलाच नाही. दुसरा सयाजी पैलवान, त्याला म्हशींसाठी गोठा हवा होता. गव्हाण बघून तर तो खूशच झाला. त्यानंही तेच विचारलं, तिनंही तेच सांगितलं. पैलवान म्हणाला, मग कवा येणार? ती म्हणाली, पाऊस कमी झाला की. कार्तिकातलं निरभ्र आभाळ होतं. पैलवानानं वर बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि वहाणा घातल्या.

बाळासोनं कपाळावर हात मारून घेतला. कृष्णातला तार करायचीच तेवढी राहिली होती, तीही त्यानं केली. कृष्णात आला, आणि आल्या आल्या आईवर चिडला, की कागदावर बा मयत आन तू म्हंतीस घाटाकडं गेल्यात, माणसं पळणार न्हाईत तर काय? ती खाली मान घालून म्हणाली, तोंडातनं जातंय रे. शेवटी असं ठरलं की पुढच्या खेपेला घर कृष्णातनं दाखवायचं आणि आईनं चुलीपाशी गप्प बसायचं. आणखी एक गोष्ट कृष्णातला सांगायची होती, ती काही त्याच्या जिभेवर येईना. मग तो एवढंच म्हणाला, की पदर जरा पुढं वढून घे. ती समजायचं ते समजली.

तिसरा आला अंबादास, कचेरीतला कारकून. दरबारच्या दफ्तरात होता, संस्थान गेल्यावर तसाच सरकारी नोकरीत आलेला. सरळ माणूस, पण कागद वाचल्याशिवाय पाणी न पिणारा. बरोबर बायको विमला. मंगळवार पेठेत एका खोलीत नऊ वर्षं काढलेली बाई. परड्यात उभी राहिली आणि तिला हसूच आवरेना. इथं तुळस, इथं धुणं, इथं पोरांचा पाळणा, असं एकटीच बोलत सुटली. अंबादास सोप्यात बसून कागद वाचत होता आणि कृष्णात त्याला सांगत होता, की बा जाऊन बारा वर्षं झाली.

विमला चुलीपाशी आली. धोंडुबाईनं बसायला पाट दिला, पाणी दिलं. दोघी काय बोलल्या? चूल धूर करते का, मुंग्या निघतात का, एवढंच. मग विमला उठली आणि सवयीनं जराशी वाकून थांबली. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. सवाष्ण पहिल्यांदा घरी आली तर तिला कुंकू लावल्याशिवाय पाठवायची नाही, ही आपल्याकडची रीत. धोंडुबाईनं विचार केला असता तर कदाचित हात आवरला असता. पण हातानं विचाराची वाटच बघितली नाही. करंडा उघडला, बोट बुडालं, विमलाच्या कपाळाला कुंकू लागलंसुद्धा. आणि विमलानं करंडा घेऊन धोंडुबाईचा पदर मागं सारला आणि तिला उलट लावलं.

विमला तशीच सोप्यात आली आणि नवऱ्याला कौतुकानं म्हणाली, की बाईंनी कुंकू लावलं, आता घर आपलंच झालं बघा. अंबादासनं बायकोच्या कपाळाकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. बाळासोच्या तोंडातलं पान तसंच राहिलं. सगळं मुसळ केरात गेलं हे त्यानं ओळखलं होतं.

अंबादासनं धोंडुबाईला बाहेर बोलावलं आणि अगदी हळू विचारलं, "बाई, रागावू नका. कागद म्हणतो मालक नाहीत. तुम्ही माझ्या बायकोला कुंकू लावलंत. उद्या मालक ह्या दारात येऊन उभे राहिले, तर मी काय करायचं?"

बारा वर्षांत सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. कुठं पडला असंल, दिवस कधी घालणार, पोटाचं कसं चाललंय. हे कुणी विचारलं नव्हतं. उद्या दारात उभे राहिले तर! धोंडुबाईचा ऊर असा भरून आला की त्या परक्या कारकुनाच्या हातावर साखर ठेवावी असं तिला वाटलं.

"घरात घ्या," ती म्हणाली. "दमून आल्यालं असतील."

अंबादास वाईट माणूस नव्हता. घर त्याला हवं होतं, बायकोला तर हवंच होतं. पण ज्याची वाट बघणं चालू आहे त्याच्या घरात मी माझा संसार कसा मांडू, असं तो म्हणाला. बारा वर्षं झाली आहेत, तर शास्त्राप्रमाणं विधी करून घ्या. मग मी दुसऱ्या दिवशी साठेखत करतो. महिनाभर थांबतो, असं सांगून नवराबायको गेली. जाताना विमला तीनदा मागं वळून बघत होती.

कृष्णात उंबऱ्यावर बसला होता, टोपी हातात फिरवत. आई ओरडा खायच्या तयारीनं उभी राहिली. तो ओरडला नाही.

"ऱ्हाऊ दे आई," तो म्हणाला. "माग न्हाई झालं तर न्हाई. पर एक सांगतो. मी बी वाट बघितलीय त्येची. शाळेतनं रोज तळ्याकडनं वळसा घालून यायचो, गाडी दिसती का म्हणून. सातवीपर्यंत."

हे तिला ठाऊक नव्हतं. वाट बघणं ही आपली एकटीची मिळकत आहे असं ती धरून चालली होती. त्या दिवशी तिला दिसलं, की एवढ्याशा पोरानं ती आपल्या परीनं बघितली, दमला आणि कुणाला न सांगता सोडून दिली. तिला रडू आलं, पण पोरासमोर ती रडली नाही. भाकरी थापायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अप्पा भटजींकडं गेली. अप्पांनी नीट समजावून सांगितलं. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याला नारळ ठेवायचा, मुलानं त्याला अग्नी द्यायचा, मग दहावं, बारावं, तेरावं, रीतसर. बायकोनं कुंकू पुसायचं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन मागनं ते आलं तर?"

तीस वर्षांच्या भिक्षुकीत अप्पांना हे कुणी विचारलेलं नव्हतं. टाळताही आलं असतं, पण म्हातारा प्रामाणिक. उठले, फळीवरची पोथी काढली, चष्मा पुसला, पानं चाळली. बराच वेळ ओठ हलत होते. मग म्हणाले, आहे, तेही सांगून ठेवलेलं आहे. दिवस घातलेला माणूस जिवंत परत आला, तर तो नव्यानं जन्मला असं धरायचं. त्याला तुपात न्हाऊ घालायचं, मग पाण्यानं. तान्ह्या पोराचे असतात ते संस्कार पहिल्यापासून, बारशासकट.

"आन बायको?"

"बायको तीच. पण तिच्याशी लग्न पुन्हा लावायचं."

"अक्षता टाकून?"

"अक्षता टाकून, बाई. लग्न म्हणजे लग्नच."

धोंडुबाईनं अप्पांना वाकून नमस्कार केला. पहिलं लग्न लागलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि अंतरपाट खाली आला तरी तिनं वर बघितलं नव्हतं, भीतीनं. घरी आली आणि कृष्णातला म्हणाली, दीस ठरव.

पंचगंगेवर विधी झाला. आता कुणी म्हणेल, बाईला पळवाट सापडली होती, ती कशाला रडतीय. तसं समजू नका. कृष्णातनं पानांना अग्नी दिला, तानाबाईनं तिचं कुंकू पुसलं, काकणं फोडली, तेव्हा ती अशी रडली की दोघीतिघींना धरावं लागलं. बारा वर्षांचं रडणं एका सकाळी रडली. पानांना जळायला किती वेळ लागणार? मग सगळे आंघोळी करून घरी आले.

तेरावं उरकलं आणि अंबादासनं शब्दाप्रमाणं साठेखत केलं. पौष सरला तसं खरेदीपत्र झालं आणि कृष्णातनं सामान न्यायला गाडी आणली. विमला किल्ली घ्यायला सकाळीच आली होती. धोंडुबाई आता तिच्यापासनं हातभर लांब उभी राहायची, तिच्या कपाळाकडं न बघता बोलायची. मागल्या दाराला खालनं जरा उचलून घ्यावं लागतं. पावसाळ्यात माजघराचा कोपरा ठिबकतो, तिथं परात ठेवायची. गव्हाण मोडू नका असं मात्र ती म्हणाली नाही. घर दुसऱ्याचं झालं होतं, आणि तिला रीत कळत होती.

सामान चढलं. कृष्णातनं हाक दिली. ती गाडीपर्यंत गेली, गाडीच्या चाकावर हात ठेवून जरा थांबली आणि एकटीच परत आली. विमला अजून दारातच उभी होती.

"वैनी," धोंडुबाई म्हणाली, अगदी खालच्या आवाजात, कृष्णातला ऐकू जाऊ नये म्हणून. "कुणी माणूस आला आन 'धोंडे' म्हणून हाक मारली, तर पाणी द्या. सोप्यात बसवा. पर सांगा, म्हणावं, तुमचं दिवस घातल्यात. आता पहिल्यासारखं घरात याचं न्हाई. इचलकरंजीला या, आन लगीन लावून घेऊन जावा."

विमलानं मान हलवली.

"लग्नाच्या लुगड्याची काळजी करू नगा म्हणावं," धोंडुबाई म्हणाली. "ते हाय माझ्याकडं."

एवढं बोलून ती चाळीस वर्षांची बाई लाजली, पदर तोंडाला लावला आणि गाडीकडं भराभरा चालायला लागली.